शुक्रवारची सिस्टीम



आधीच सांगून टाकते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. घरी मराठी बोलायची आणि वर्षातून एकदा आजीला पत्र लिहायचं, एवढाच माझा सराव. "मराठी विभागासाठी काहीतरी दे" असं संपादक मंडळाने म्हटल्यावर माझी रूममेट दहा मिनिटं हसत होती. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. पण हा विषय मला इंग्रजीत लिहिताच आला नसता, कारण तो सगळा मराठीतच घडला. "सिस्टीम बसली" हे इंग्रजीत कसं सांगणार? सर्व्हर चालू असतो, स्क्रीन दिसत असते, माऊस हलत असतो, पण भर रस्त्यात बैल बसावा तशी ती बसते. आणि मग कुणीतरी म्हणतं, "बंद करून चालू कर."

हे वाक्य आपण हॉस्टेलमध्ये दिवसातून चार वेळा ऐकतो. वायफाय गेलं, बंद करून चालू कर. प्रिंटर अडला, बंद करून चालू कर. मीही ते अगदी मनापासून म्हणायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत चार आठवडे ट्रेनिंग केलं आणि आता ते वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही. का, ते सांगते.

कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही. भोसरीत अशा कंपन्या गल्लोगल्ली आहेत. साठेक माणसं, सात-आठ प्रेस, आणि पत्र्याचे ब्रॅकेट दाबून चाकणच्या एका मोठ्या ग्राहकाला पाठवायचे हा धंदा. स्टॉक, खरेदी, चलन, इन्व्हॉइस सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणि ते सॉफ्टवेअर अकाउंट्सच्या केबिनमागे ठेवलेल्या एका जुन्या सर्व्हरवर. सर्व्हर सांभाळणारा वेगळा माणूस नव्हताच. अकाउंट्समधला एक दादाच जीएसटी रिटर्नही भरायचा आणि सर्व्हरही बघायचा.

आता बाहेरगावच्या मंडळींसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. (मी पहिल्या वर्षाला असताना गुरुवारी भोसरीत सुटा भाग शोधायला गेले होते आणि बंद शटर मोजून परत आले होते!) सगळ्या राज्यातल्या कारखान्यांनी एकाच दिवशी सुट्टी घेतली तर विजेचा भार सहा दिवस टोकाला आणि एक दिवस तळाला जाणार, म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिलेले. पुण्याकडे तो वार गुरुवार. त्यामुळे लाईनच्या दुरुस्तीची कामंसुद्धा महावितरण गुरुवारीच काढतं. वीज कित्येक तास जाते. यूपीएस काही तेवढा टिकत नाही आणि सुट्टीच्या दिवशी जनरेटरचं डिझेल कोण जाळणार? म्हणून दादा बुधवारी संध्याकाळी सर्व्हर नीट बंद करून जायचा आणि शुक्रवारी सकाळी आठला येऊन चालू करायचा.

म्हणजे या कंपनीत सर्व्हर रिस्टार्ट होणं हा अपघात नव्हता. तो दर आठवड्याचा ठरलेला कार्यक्रम होता.

त्यात आमच्या चाकणच्या ग्राहकाची सुट्टी रविवारी. गुरुवारी त्याची लाईन दिवसभर आमचे ब्रॅकेट खात असायची, त्यामुळे शुक्रवारी सकाळी तो सगळ्यात भुकेला. पहिली गाडी नऊच्या आत निघाली तर बरं, नाहीतर मोशीच्या पुढे आणि नंतर चाकणच्या तळेगाव चौकात काय होतं ते तिकडे राहणाऱ्यांनी मला सांगायला नको आणि मी त्यांना सांगायला नको. पूर्वी म्हणे हाताने चलन फाडून गाडी सोडायचे आणि कॉम्प्युटरमध्ये नोंद मागाहून व्हायची. आता तसं जमत नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ई-इन्व्हॉइस करावं लागतं. सरकारी पोर्टलवरून नंबर आल्याशिवाय बिल हे बिलच नाही. आणि आपल्याकडे सेव्ह झाल्याशिवाय पोर्टलला पाठवणार काय? थोडक्यात, सिस्टीम बसली की गाडी पण बसली.

पहिल्या शुक्रवारी मी हा तमाशा नुसता बघितला. डिस्पॅचला कॉन्ट्रॅक्टवरचा एक मुलगा बसायचा. माझ्याच वयाचा, आयटीआय झालेला, मराठवाड्यातून आलेला. तो इन्व्हॉइस भरायचा, सेव्ह दाबायचा आणि हात मांडीवर ठेवून बसायचा. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. आत साहेब येऊन म्हणाले, "एक बिल मारायला एवढा वेळ लागतो का रे तुला?" तो काही बोलला नाही. दादा म्हणाला, "थांबा, रिस्टार्ट मारतो." दहा मिनिटं सगळे बाहेर. पुन्हा लॉगिन, पुन्हा तीच रडकथा. अकराला पुन्हा रिस्टार्ट. साडेबाराला पुन्हा. दीडच्या सुमारास सिस्टीम सुटली आणि दादा विजयी मुद्रेने म्हणाला, "बघितलंस? तिसऱ्यांदा मारला तेव्हा सुटली."

दुसऱ्या शुक्रवारी तसंच. तिसऱ्या शुक्रवारी गेले तर तो मुलगा नव्हता. कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं होतं म्हणे, जरा फास्ट पोरगा पाठवा. नवा येईपर्यंत मला त्याच्या खुर्चीवर बसवलं. डिस्पॅचचे काका म्हणाले, "इंजिनिअर मॅडम, तुम्हीच मारा आता बिलं."

माझा टायपिंगचा वेग चांगला आहे (कॉन्व्हेंटचा तेवढा फायदा). मी भराभर भरलं, सेव्ह दाबलं आणि घड्याळ बघितलं. चाळीस सेकंद. एरवी याच कामाला चार-पाच सेकंद लागतात. वाट बघताना मीही हात मांडीवर ठेवून बसले आणि मला त्या मुलाची आठवण आली.

टेबलाच्या खणात गेट पासचं जुनं रजिस्टर होतं. सहज उलटंपालटं केलं तर शेवटच्या पानांवर पेनने आकडे. तारीख, सेव्ह दाबल्याची वेळ, सेव्ह झाल्याची वेळ. पुढे 'रि.' असं लिहून वेळा. नऊ शुक्रवार त्याने हे लिहिलं होतं! कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. बहुधा आपल्यावर आलं तर दाखवायला म्हणून लिहून ठेवलं असेल, पण दाखवायची वेळ कुणी त्याला दिली नाही.

मी ते पान घेऊन बसले. काही शुक्रवारी तीन रिस्टार्ट, काही शुक्रवारी एक. एका शुक्रवारी दादा रजेवर होता, तेव्हा एकदाही नाही. आणि सगळ्या शुक्रवारी सिस्टीम सुटली ती एक ते दोनच्या दरम्यान! रिस्टार्ट मारा नाहीतर मारू नका. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, आणि आम्ही दर आठवड्याला कावळ्याचे आभार मानत होतो.

आता थोडं तांत्रिक. सिव्हिलवाल्यांनी दोन परिच्छेद सहन करावेत.

सर्व्हर चालू झाल्यावर काही वेळ सॉफ्टवेअर हळू चालणं हे नैसर्गिकच आहे. डेटाबेस सारखी लागणारी माहिती रॅममध्ये धरून ठेवतो. सर्व्हर बंद झाला की रॅम रिकामी. मग पहिला माणूस स्टॉकची यादी उघडतो तेव्हा एकेक पान डिस्कवरून आणावं लागतं. 7200 फेऱ्यांची जुनी फिरती डिस्क एका फेरीला सव्वाआठ मिलिसेकंद घेते; डोकं इकडून तिकडे हलवण्याचा वेळ धरला तर सेकंदाला साधारण 80 ठिकाणची पानं वाचते. आठ केबीचं एक पान धरलं तर एक जीबी म्हणजे 1,31,072 पानं. भागाकार करा: सत्तावीस मिनिटं. हे सगळ्यात वाईट गणित झालं, पानं ओळीने असली तर खूप लवकर होतं. पण मुद्दा असा की पहिला अर्धा तास सिस्टीम तापत असते. अशा वेळी पुन्हा रिस्टार्ट मारणं म्हणजे हॉस्टेलच्या बादलीत हीटर टाकायचा, पाणी कोमट झालं की "तापतच नाही" म्हणून ओतून द्यायचं आणि पुन्हा गार पाणी भरायचं. आम्ही हे एका सकाळी तीनदा करत होतो.

पण पाणी अर्ध्या तासात तापायला हवं, दीड कसा वाजतो? इथे त्या मुलाच्या वहीचा पुन्हा उपयोग झाला. त्याने फक्त सेव्हच्या वेळा लिहिल्या होत्या. मी यादी उघडण्याच्या वेळाही लिहायला लागले. साडेनऊपर्यंत यादी पटकन उघडायला लागली, सेव्ह मात्र चाळीस सेकंदांवरच. वाचणं सुधारलं आणि लिहिणं नाही, म्हणजे दुखणं दोन वेगळी होती. एक रॅमचं, आपोआप बरं होणारं. दुसरं डिस्कवर लिहिण्याचं.

चौथ्या शुक्रवारी दादाने मला सर्व्हरसमोर बसू दिलं. (तो माणूस चांगला आहे. दोन माणसांचं काम करतो, शिव्या तीन माणसांच्या खातो.) पहिली गोष्ट दिसली ती अँटीव्हायरस. त्याची पूर्ण तपासणी गुरुवारी दुपारी लावलेली होती, सुट्टीचा दिवस म्हणून. पण गुरुवारी सर्व्हरच बंद! मग तो शुक्रवारी उठल्या उठल्या राहिलेलं काम काढायचा आणि सगळी डिस्क चाळत बसायचा. ती थांबवली. चाळीसचे पंचवीस झाले.

उरलेल्या पंचवीस सेकंदांचं उत्तर डिस्क सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलरच्या लॉगमध्ये होतं. सकाळी सर्व्हर चालू झाल्यावर लगेच एक नोंद: बॅटरी कमी आहे. दुपारी दीडच्या आसपास दुसरी: बॅटरी भरली. दर शुक्रवारी हीच जोडी, किती महिने कोण जाणे.

झालं होतं असं. या कंट्रोलरला स्वतःची थोडी मेमरी असते. लिहायला आलेली माहिती तो आधी त्या मेमरीत ठेवतो, "लिहिलं" असं सांगून मोकळा होतो आणि डिस्कवर सावकाश उतरवतो. दुकानदार आधी टिपणवहीत लिहितो, खातेवहीत रात्री उतरवतो, तसं. मधेच वीज गेली तर टिपणवही पुसली जाऊ नये म्हणून त्याला छोटी बॅटरी दिलेली असते. बॅटरी म्हातारी झाली होती. गुरुवारच्या बंदमध्ये ती उतरायची आणि शुक्रवारी ती भरेपर्यंत कंट्रोलर टिपणवही वापरायचाच नाही, थेट खातेवहीत लिहून मगच "लिहिलं" म्हणायचा. खरं तर तो एकटाच बिचारा जबाबदारीने वागत होता! फक्त तीन डिस्कचं रेड 5, म्हणजे एका छोट्या लिखाणामागे चार हालचाली: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, दोन्ही नव्याने लिहा. तीन डिस्कच्या मिळून सेकंदाला 240 हालचाली धरा, चारने भागा, साठ लिखाणं. एका इन्व्हॉइसला दोनेकशे छोटी लिखाणं आणि सात-आठ जण एकाच वेळी सेव्ह दाबून बसलेले. पंचवीस सेकंद लागले नाहीत तरच नवल.

रेड 5 ची आकृती मी परीक्षेत काढली होती. पट्ट्या रंगवून काढली होती, मार्कही चांगले पडले. पण भोसरीच्या त्या केबिनमध्ये तिसऱ्या शुक्रवारपर्यंत मला ती आठवली नाही. सर्व्हर हळू चालतोय म्हटल्यावर मला जे आठवलं ते दादाला आठवलं तेच: बंद करून चालू कर. तीन वर्षांच्या फीचं मी काय केलं, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

डिस्पॅचच्या काकांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते इथे लिहिलं नाही तर अन्याय होईल. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं हे संशोधन होईपर्यंत गाडी थांबेल का? रिस्टार्ट मारून दहातून पाच वेळा तरी चालू होतं ना?" बरोबर आहे. पुष्कळदा रिस्टार्टने खरंच काम होतं. 2015 साली अमेरिकेच्या विमान खात्याने बोईंग 787 विमानांसाठी चक्क आदेश काढला होता की वीजपुरवठा ठरावीक मुदतीत एकदा बंद करून चालू करा, कारण सलग 248 दिवस चालू राहिल्यास जनरेटरची नियंत्रणं एकदम बंद पडू शकतात. सेकंदाचे शंभर भाग मोजणारा 32 बिटचा साइन्ड काउंटर असला तर तो साधारण 248 दिवसांनीच भरून ओसंडतो, गणित करून बघा. म्हणजे विमानसुद्धा बंद करून चालू करतात! पण त्यांना किती दिवसांनी काय होतं ते माहीत होतं, आणि दुरुस्ती होईपर्यंतची सोय म्हणून तो रिस्टार्ट होता. आमच्या रिस्टार्टला कारण नव्हतं. उलट जे काही कारण दिसलं असतं ते प्रत्येक वेळी पुसलं जात होतं: कोण डिस्क खातंय, कुणाचं काम कुणामागे अडकलंय, सगळं बटण दाबताच साफ.

म्हणून माझं काकांशी भांडण एवढंच की बटण दाबायच्या आधी दोन मिनिटं द्या. किती वाजले, एकाच टेबलावर हळू आहे की सगळीकडे, उघडताना हळू की सेव्ह करताना, त्या क्षणी सर्व्हरवर सगळ्यात जास्त धावतंय काय. एवढं एका ओळीत लिहा आणि मग खुशाल मारा. एकाच टेबलावर हळू असेल तर सर्व्हरला हात लावायचं कारणच नाही, त्या पीसीची केबल बघा. आणि रिस्टार्ट मारलाच तर पुढचा अर्धा तास पुन्हा मारायचा नाही, कुणी कितीही ओरडलं तरी. शुक्रवारी आठऐवजी सात वाजता कुणी सर्व्हर चालू करून नेहमीचे दोन-तीन रिपोर्ट काढले असते तरी रॅमचं दुखणं गाडी लागायच्या आत संपलं असतं. त्याला इंजिनिअर लागत नाही, वॉचमनकाकांनाही शिकवता आलं असतं.

आणि आपल्या डिपार्टमेंटच्या सर-मॅडमना एक विनंती (रागावू नका). आपल्याकडे दर वर्षी फायनल इयरचे प्रोजेक्ट बघा. सगळे काहीतरी नवीन बनवतात. अटेंडन्सचं नवीन ॲप, पार्किंगचं नवीन ॲप, मेसचं नवीन ॲप. इथून पाऊण तासावर भोसरी आहे, पुढे चाकण आहे, तिथे शेकडो कंपन्यांत जुनी सॉफ्टवेअर जुन्या सर्व्हरवर धापा टाकतायत आणि ती का धापा टाकतायत हे शोधायला कुणी नाही. एका ग्रुपने एक वर्ष एका कंपनीत दर आठवड्याला नुसत्या वेळा लिहून कारण शोधून काढलं तर तो प्रोजेक्ट का होऊ नये? व्हायव्हाला डेमो दाखवता येणार नाही, मान्य. पण हळू सिस्टीमचा त्रास ती बनवणाऱ्याला होत नाही, रिस्टार्ट मारणाऱ्यालाही फारसा नाही. तो होतो कीबोर्डसमोर बसलेल्याला, कारण स्क्रीनवर गोल फिरताना त्याचेच हात मोकळे दिसतात.

माझं ट्रेनिंग संपलं त्या दिवशी साहेबांनी रिपोर्टवर सही केली आणि नवीन बॅटरी मागवली. महिन्याभराने दादाचा मेसेज आला: शुक्रवार, गाडी आठ पन्नासला गेटबाहेर. मी लगेच फोन केला. बोलता बोलता त्या मुलाचं विचारलं. दादा म्हणाला, "तो कुरुळीकडे कुठेतरी लागलाय, ड्रायव्हरला दिसला होता."

"साहेबांना सांगितलंत का दादा, त्याच्यामुळे नव्हतं ते? वही त्याची होती म्हणून?"

"अगं, आता काय सांगायचं," दादा म्हणाला. "नवीन पोरगा चांगला आहे. फास्ट आहे एकदम."